सूचीतले पुस्तक तुमच्या हातात होते का?

वाचकाचे पत्र

सा. न. वि. वि.

मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते आणि सत्यशोधक जलशांवर, म्हणजे सत्यशोधक समाजाचे विचार गाण्यांतून आणि नाट्यांतून लोकांपुढे मांडणाऱ्या प्रयोगांवर, पीएच. डी.चा प्रबंध मराठीतून लिहिते आहे. संदर्भांसाठी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीची सातवी आवृत्ती वापरावी, असे आम्हांला सांगण्यात आले आहे. पुस्तकाचा आणि शोधनिबंधाचा नमुना कुठेही मिळतो. पण माझी साधने वेगळीच आहेत. महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय, जुन्या वर्तमानपत्रांतील मजकूर, नुसता शक छापलेली पुस्तके, दिवाळी अंक, गॅझेटिअर, शासन निर्णय, जलसाकारांच्या मुला-नातवंडांच्या मुलाखती, यूट्यूबवरील चित्रफिती आणि शोधगंगा या विद्यापीठीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातील प्रबंध, असा सगळा पसारा आहे. मार्गदर्शक म्हणतात, ‘नमुन्यात बसवा’. सहकारी म्हणतात, ‘सूची कोण वाचतंय?’ एका परिचिताच्या सांगण्यावरून चॅटजीपीटीकडून सूची नीट करून घेतली, तर तिच्यात दोन अशी पुस्तके आली की ती कोणत्याच ग्रंथालयात सापडत नाहीत. प्रबंध सहा महिन्यांत सादर करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

— एक संशोधक, जि. सातारा

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे मार्गदर्शक आणि तुमचे सहकारी दोघांशीही मी सहमत नाही. साधन आधी नमुन्यात कोंबायला गेले की त्याची ओळख पुसली जाते. आणि सूची कोणी वाचत नाही म्हणावे, तर प्रबंध हाती आला की परीक्षक तो मागच्या बाजूने उघडतात, हे मी कितीदा तरी पाहिले आहे आणि माझ्यावर पाळी आली तेव्हा मीही तेच केले आहे. म्हणून नमुन्यापासून सुरुवात करू नका. प्रत्येक नोंदीपाशी थांबून स्वतःला विचारा, की ही माहिती टिपून घेतली तेव्हा माझ्यापुढे नेमके काय होते: फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची १८७३ ची मूळ प्रत, १९९१ चा समग्र वाङ्मयाचा ग्रंथ, त्या ग्रंथाची पीडीएफ, की आणखी कोणाच्या पुस्तकात दिलेला उतारा? याचे खरे उत्तर मिळाले की स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे, हे शिकायला एक दुपार पुरते.

एपीए पद्धत कोणत्याही साधनाला चार गोष्टी विचारते: कोणी, केव्हा, काय आणि कुठे. लेखकाच्या नावाला लागूनच वर्ष लिहिण्याची चाल त्याहून जुनी आहे. हार्वर्डमधील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मार्क यांनी १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगायीवर लिहिलेल्या निबंधात ती प्रथम दिसते, असे सांगतात. म्हणजे ‘केसरी’ निघाला त्याच वर्षी. एपीएचे नियम १९२९ मध्ये मानसशास्त्राच्या एका नियतकालिकात सात पानांच्या लेखाच्या रूपाने आले आणि सातवी आवृत्ती २०१९ मध्ये निघाली. ज्या विद्याशाखेत संशोधन किती ताजे आहे हे सर्वांत आधी पाहायचे असते, तिच्या सोयीसाठी ही पद्धत वाढली. तुमची साधने शे-दीडशे वर्षांची आहेत, त्यामुळे वर्षाच्या रकान्यापाशीच तुमचे गाडे अडणार, यात तुमचा दोष नाही.

त्या अडचणीचा सर्वांत ठळक नमुना तुमच्या यादीत पहिलाच आहे. ‘फुले (१९९१) म्हणतात’ असे वाक्य मी एकाहून अधिक प्रबंधांत वाचले आहे. जोतीराव फुले यांचे निधन १८९० मध्ये झाले. वाचकाला हे ठाऊक असते म्हणून तो हसून पुढे जातो. पण हीच चूक एखाद्या अपरिचित जलसाकाराच्या बाबतीत झाली, तर तो लेखक १९९१ मध्ये हयात होता असेच वाचक धरून चालेल. एपीएने यावर सोपी तोड दिली आहे. पुनर्मुद्रित ग्रंथासाठी कंसात दोन्ही वर्षे तिरक्या रेषेने लिहायची: (फुले, १८७३/१९९१). सूचीत मात्र तुम्ही वापरलेल्या ग्रंथाचे वर्ष पुढे येते आणि मूळ वर्ष शेवटी जाते. ‘गुलामगिरी’ची नोंद साधारण अशी होईल: फुले, जो. (१९९१). गुलामगिरी. य. दि. फडके (संपा.), महात्मा फुले समग्र वाङ्मय. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ. (मूळ प्रकाशन १८७३). ग्रंथाच्या नावापुढे त्या प्रकरणाची पृष्ठे कंसात घाला. इंग्रजीत संपादकाच्या आधी ‘इन’ येतो. मराठीत ‘मध्ये’ नंतर येत असल्यामुळे ते त्या जागी बसत नाही, म्हणून मी ते सरळ गाळते आणि सूचीच्या आरंभी तसे एका ओळीत सांगते.

इथे आवृत्तीकडे विशेष लक्ष ठेवा. समग्र वाङ्मय प्रथम १९६९ मध्ये धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली आले आणि फडके यांनी संपादिलेली आवृत्ती १९९१ ची आहे. तुमच्या टिपणवहीतला पृष्ठक्रमांक एका आवृत्तीचा आणि सूचीतली आवृत्ती दुसरी, असे झाले तर उतारा शोधणाऱ्याला तो त्या पानावर मिळणार नाही. कपाटातली प्रत बदलते, ग्रंथालयातली प्रत बांधणीला जाते, मधेच कोणी पीडीएफ पाठवतो आणि आपण त्याच टिपणांत पुढची पाने लिहीत जातो. ही सरमिसळ तुमच्याकडून झाली असण्याची शक्यता बरीच आहे, तेव्हा फुल्यांच्या प्रत्येक उताऱ्याचे पान एकाच आवृत्तीवर पुन्हा ताडून घ्या. काम कंटाळवाणे आहे, पण दोन दिवसांत उरकते. डॉ. आंबेडकरांच्या लेखनालाही हाच न्याय लावावा: ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ चे आणि महाराष्ट्र शासनाने काढलेला लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ चा, म्हणून (आंबेडकर, १९३६/१९७९).

आता मराठीत लिहिताना येणारी एक अडचण सांगते, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. आपली नावे विभक्ती घेतात. ‘फुल्यांनी (१८७३/१९९१)’, ‘मालश्यांच्या (१९६९)’ असे लिहिले की सूचीतले नाव आणि मजकुरातले नाव वेगळे दिसू लागते आणि संगणकावर शोध घेतला तर ते सापडतही नाही. त्यामुळे नाव मूळ रूपात ठेवावे, लगेच कंस द्यावा आणि विभक्तीचा भार ‘यांनी’, ‘यांच्या’, ‘यांचे’ यांवर टाकावा: फुले (१८७३/१९९१) यांच्या मते. एका आडनावाचे दोन लेखक असतील तर मजकुरातही आद्याक्षरे द्यावी लागतात, आणि मराठीत ती गरज फार वेळा पडते; य. दि. फडके आणि ना. सी. फडके एकाच प्रकरणात आले तर नुसत्या ‘फडके’ने भागत नाही. आद्याक्षरे मराठीत अक्षराची असतात, वर्णाची नसतात, हेही लक्षात असू द्या. ‘स. गं. मालशे’ यांचे ‘स. ग.’ करू नये. डॉ., प्रा., कै., महात्मा, ह. भ. प. ही बिरुदे सूचीत येत नाहीत, पण ग्रंथाच्या नावातच ‘महात्मा’ असेल तर ते काढण्याचा अधिकार आपल्याला नाही.

संतांना आडनाव नसते. ‘महाराज, तुकाराम’ अशी नोंद मी स्वतः एका सूचीत पाहिली आहे आणि तिथे लाल शाई वापरण्याचेही त्राण उरले नव्हते. तुकाराम, जनाबाई, ज्ञानेश्वर ही नावे आहेत तशी लिहावीत. अभंगाचा किंवा ओवीचा क्रमांक द्यावा, पण तो कोणत्या प्रतीतला हेही सांगावे, कारण गाथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकाच अभंगाचे क्रमांक वेगळे असतात. टोपणनावाच्या बाबतीत पुस्तकावर जे छापले आहे ते प्रमाण. ‘कळ्यांचे निःश्वास’ विभावरी शिरूरकर या नावाने आले, म्हणून नोंद त्या नावाने करावी. त्या म्हणजे मालती बेडेकर, हे प्रबंधाच्या मजकुरात सांगावे. तुमच्या जलशांच्या पुस्तिकांत तर ‘शाहीर अमुक’ एवढेच नाव असेल. ते तसेच लिहा, आणि खरे नाव तुम्ही शोधून काढले असेल तर चौकटी कंसात द्या; तुमच्या शोधाचे श्रेय तुम्हांला मिळेल आणि मूळ पुस्तिका शोधणाऱ्याचीही दिशाभूल होणार नाही.

शक छापलेल्या पुस्तकांविषयी बहुतेकांना एवढेच आठवते की ७८ मिळवायचे. ते वर्षाच्या सुमारे तीन चतुर्थांश भागापुरतेच खरे आहे. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शिवराज्याभिषेक शके १५९६ च्या ज्येष्ठातला, म्हणून १६७४; शिवजन्माची शासनमान्य तिथी शके १५५१ च्या फाल्गुनातली, म्हणून १६३०. पुस्तकावर महिना नसेल तर एकच इसवी सन ठोकून देऊ नका. शके १८४५ एवढेच छापलेले असेल तर माझी पद्धत अशी आहे: (शके १८४५ [१९२३–२४]). छापलेले वर्ष आधी, आपण काढलेले चौकटी कंसात. पुस्तकावर कसलेच वर्ष नसेल तर ‘दिनांक नाही’ असे लिहावे. प्रस्तावनेखालच्या तारखेवरून अंदाज बांधता येत असेल तर तो मजकुरात मांडावा. प्रकाशनस्थळ सातव्या आवृत्तीने काढून टाकले आहे, तेव्हा आपल्या सवयीचे ‘पुणे’ आणि ‘मुंबई’ सूचीत नको. जुन्या पुस्तिकेवर प्रकाशक नसतो आणि नुसता छापखाना असतो. तिथे मी छापखान्याचे नाव देते.

वर्तमानपत्रांकडे जरा सावकाश पाहू, कारण तुमच्या प्रबंधाचा कणा तिथे आहे. तारीख पूर्ण हवी, पृष्ठ हवे आणि आजच्या दैनिकांच्या बाबतीत आवृत्ती आणि पुरवणीही हवी. पुणे आवृत्तीतली बातमी कोल्हापूर आवृत्तीत दुसऱ्या पानावर असते किंवा मुळीच नसते. संकेतस्थळावरचा मथळा छापील मथळ्याहून अनेकदा वेगळा असतो, म्हणून जो वाचला तोच लिहावा. जुन्या नियतकालिकांवर ‘वर्ष ७, अंक ४’ असे असते. यातले वर्ष म्हणजे एपीएच्या भाषेत खंड, त्याला प्रकाशनवर्ष समजू नये. लेखावर नाव नसेल तर मथळा लेखकाच्या जागी जातो. इथे एक मोह टाळा. निनावी अग्रलेख संपादकाच्या नावावर आणि संपादक म्हणजे आपल्याला आठवेल तो, असे करण्याची फार सवय झालेली आहे. ‘केसरी’चा अग्रलेख दिसला की टिळक, असे लिहिणारे विसरतात की १८८१ पासून १८८७ पर्यंत संपादक आगरकर होते, आणि संपादक माहीत असला तरी त्या दिवशीचा अग्रलेख त्यानेच लिहिला होता हे सिद्ध होत नाही. सत्यशोधक पत्रांत तर पत्रे, वार्ता आणि कवने कोणी पाठवली हे बऱ्याचदा कळत नाही. निनावी म्हणून नोंदवा. लेखक कोण असावा याची चर्चा हा तुमच्या संशोधनाचा भाग आहे, सूचीचा नाही.

कात्रणे कोणाच्या घरी, ट्रंकेत किंवा वहीत चिकटवलेली मिळाली असतील आणि त्यांवर तारीख नसेल, तर ती वर्तमानपत्र म्हणून न नोंदवता संग्रहातील कागद म्हणून नोंदवावीत: मथळा, चौकटी कंसात ‘वर्तमानपत्राचे कात्रण’, मग संग्रह कोणाचा आणि तो कुठे आहे. घरमालकांची परवानगी नसेल तर ‘खासगी संग्रह’ आणि तालुका एवढे पुरे.

दिवाळी अंक ही आपली खास भानगड आहे. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने प्रथा पाडली तेव्हापासून आपले कितीतरी चांगले लेखन वर्षातून एकदाच निघणाऱ्या अंकांत पुरले गेले आहे आणि त्यांना खंड-अंक असेलच असे नाही. एपीए महिन्याच्या जागी ऋतूचे नाव चालवून घेते, तर मी तिथे सण चालवते: (२०१६, दिवाळी). त्यापुढे लेखाचे नाव, नियतकालिकाचे नाव आणि पृष्ठे. ‘पृ.’ एका पानालाही चालते आणि अनेक पानांनाही. इंग्रजीतल्यासारखे दोन वेगळे संक्षेप आपल्याला लागत नाहीत. तीन किंवा अधिक लेखक असतील तर मजकुरात पहिल्या खेपेपासूनच ‘आणि इतर’ लिहायचे. सूचीत मात्र वीसपर्यंत सगळ्यांची नावे येतात.

गॅझेटिअरविषयी थोडक्यात. सातारा जिल्ह्याचे मुंबई इलाख्यातील गॅझेटिअर १८८५ चे, एकोणिसावा खंड, इंग्रजीत. स्वातंत्र्यानंतर निघालेले सुधारित गॅझेटिअर हा वेगळा ग्रंथ आहे. संकेतस्थळावर वाचले असेल तर तो मजकूर कोणत्या आवृत्तीचा आहे ते पाहिल्याशिवाय वर्ष लिहू नका, नाहीतर १८८५ ची लोकसंख्या स्वतंत्र महाराष्ट्राच्या नावावर जाईल. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींनाही हीच खबरदारी लागू आहे: संकेतस्थळावर दिसणारे वर्ष पुष्कळदा प्रत चढवल्याचे असते, म्हणून मुखपृष्ठामागचे पान उघडावे. विश्वकोशातील नोंदीखाली लेखकाचे नाव असते. ते लेखकाच्या जागी घ्यावे. शासन निर्णयात विभाग हाच लेखक, पूर्ण तारीख, विषय, निर्णय क्रमांक आणि खाली दिलेला संकेतांक. वरच्या बाजूला ‘वाचा’ म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते. ते निर्णय तुम्ही स्वतः उघडले नसतील तर सूचीत आणू नका.

मुलाखतींबाबत मात्र सर्वाधिक गोंधळ दिसतो. एपीएत ‘वैयक्तिक संवाद’ नावाचा प्रकार आहे. फोन, पत्र, ईमेल यांतून मिळालेली, दुसऱ्या कोणाला पुन्हा पाहता न येणारी माहिती त्यात येते. ती फक्त मजकुरात, पूर्ण तारखेसह नोंदवतात, सूचीत नाही. एखाद्या अभ्यासकाने फोनवर तुम्हांला एका पुस्तिकेचा ठावठिकाणा सांगितला, तर तो वैयक्तिक संवाद. पण जलसाकारांच्या वारसांच्या ज्या मुलाखती तुम्ही प्रबंधासाठी ठरवून घेतल्या, त्या या प्रकारात बसत नाहीत, कारण ती तुम्ही गोळा केलेली सामग्री आहे. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात त्या कशा घेतल्या हे लिहावे, मजकुरात ‘निवेदक ४’ असा किंवा संमती असेल तर नावाने उल्लेख करावा, आणि परिशिष्टात एक तक्ता द्यावा: निवेदकाचे मूळ जलसाकाराशी नाते, गाव, मुलाखतीची तारीख आणि ठिकाण, ध्वनिमुद्रण किती मिनिटांचे, संमती लेखी की तोंडी. नाव छापायची परवानगी घेतली नसेल तर ती आता घ्या; सहा महिने त्यासाठी पुरेसे आहेत.

मुलाखतीत कोणी गण किंवा पद म्हणून दाखवले असेल तर त्याचा मान वेगळा ठेवावा. ऐंशीच्या घरातल्या एखाद्या आजी म्हणतात, ‘हे माझ्या सासऱ्यांच्या तोंडचं,’ तेव्हा त्या एका वाक्यात गाणाराचे नाव, ज्याच्याकडून ऐकले त्याचे नाव आणि दोन पिढ्यांचा काळ एवढे सगळे आलेले असते. ते तुम्ही ‘लोकगीत, अज्ञात’ असे नोंदवलेत, तर जे ठाऊक आहे तेच तुम्ही अज्ञात करून टाकता. जात्यावरच्या ओव्यांच्या संग्रहाचे उदाहरण पाहा. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेले आणि आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर असलेले ते काम लाखाहून अधिक ओव्यांचे आहे, आणि तरी तिथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव दिलेले असते. एवढ्या मोठ्या संग्रहाला जे जमते ते एका प्रबंधाला जड जाऊ नये.

यूट्यूबवरील चित्रफितीत लेखकाच्या जागी ज्याच्या वाहिनीवर ती चढवली आहे त्याचे नाव येते, कारण वाचकाला ती त्या नावाने सापडणार. गाणारा कोण हे तुम्ही मजकुरात सांगावे. उतारा घेतला असेल तर पृष्ठाऐवजी मिनिट आणि सेकंद द्यावेत. दुवा पाहिल्याची तारीख एपीए सरसकट मागत नाही. जो मजकूर बदलत राहण्यासाठीच असतो त्याला ती लागते. पण एखाद्या गावच्या मंडळाच्या वाहिनीवरची चित्रफीत उद्या राहील याचा भरवसा नाही, म्हणून त्यातली शब्दसंहिता तुमच्याकडे लिहून ठेवा. शोधगंगेवरील प्रबंधाला लेखक, वर्ष, शीर्षक, चौकटी कंसात ‘पीएच. डी. प्रबंध’ आणि विद्यापीठ, मग शोधगंगा आणि तिथला कायमचा दुवा, एवढे पुरते. तिथे प्रबंध पूर्ण झाल्याची आणि चढवल्याची तारीख वेगवेगळी दिसते. वर्ष घ्यायचे ते प्रबंधाच्या मुखपृष्ठावरचे.

आता माझीच एक फजिती सांगते. एम. फिल.च्या प्रबंधात मी एका जुन्या साप्ताहिकातील उतारा तारखेसह दिला होता. तो मी घेतला होता एका नावाजलेल्या ग्रंथातून, पण नोंद केली थेट साप्ताहिकाची, कारण तसे केले की अभ्यास दांडगा दिसतो. पुढे कित्येक वर्षांनी त्या साप्ताहिकाची बांधलेली फाइल एका ग्रंथालयात हाती आली. ते साप्ताहिक दर मंगळवारी निघे आणि मी दिलेली तारीख शुक्रवारी येत होती. त्या तारखेचा अंकच नव्हता. मग आणखी दोन पुस्तके काढून पाहिली, तर दोन्हींत तोच शुक्रवार. आम्ही सगळ्यांनी एकमेकांचे उतरवले होते आणि प्रत्येकाने आपण फाइल पाहिल्याचा आव आणला होता. तेव्हापासून साप्ताहिकाची तारीख दिसली की मी आधी वार काढून पाहते. तुम्हीही पाहा, मोबाइलवर एका मिनिटाचे काम आहे.

अशा वेळी नियम स्पष्ट आहे. मूळ साधन पाहिले नसेल तर मजकुरात दोन्हींचा उल्लेख करावा, मूळ साधनानंतर ‘उद्धृत’ म्हणून तुम्ही वाचलेले पुस्तक, त्याचे वर्ष आणि पृष्ठ. सूचीत फक्त वाचलेले पुस्तक येते. दुय्यम आधार घेण्यात कमीपणा नाही. पण ज्या उताऱ्यावर तुमचा एखादा निष्कर्ष उभा आहे, त्याची फाइल शोधायला एक खेप घालावी हे बरे.

साहित्यचौर्याची भीती तुम्ही पत्रात व्यक्त केलेली नाही, तरी एक गोष्ट सांगून ठेवते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही आणि संदर्भसूची त्या मोजणीत धरत नाहीत; मात्र शेवटी कंसात नाव लिहिले म्हणून परिच्छेदच्या परिच्छेद अवतरणचिन्हांशिवाय उतरवायची मुभा त्यातून मिळत नाही.

मराठी आणि इंग्रजी साधने एकाच सूचीत लिप्यंतर करून मिसळण्यापेक्षा, मराठी प्रबंधात दोन स्वतंत्र याद्या कराव्यात, असे माझे मत आहे. विद्यापीठाची हरकत नाही ना, एवढे विचारून घ्या. संगणकाने लावलेली वर्णानुक्रमणी हाताने तपासा. तो क्षीरसागरांना ‘क’मध्ये नेतो आणि ज्ञानेश्वरांना ‘ज’मध्ये, आपल्या वर्णमालेप्रमाणे क्ष आणि ज्ञ शेवटी हवे असतील तर ते तुम्हीच हलवायचे. झोटेरोसारखे मोफत साधन नोंदी साठवायला उत्तम आहे, पण त्यात तुम्ही जे भराल तेच बाहेर येईल.

तर सुरुवात अशी करा. पहिल्या आठवड्यात सूचीला हात लावू नका. टिपणवह्या घेऊन बसा आणि प्रत्येक टिपणासमोर पेन्सिलीने तीनपैकी एक खूण करा: स्वतः पाहिले, स्कॅन पाहिला, दुसऱ्याकडून घेतले. मुलाखतींचा तक्ता त्याच आठवड्यात पूर्ण करा, कारण कोणाची तारीख किंवा गाव राहिले असेल तर फोन करून विचारायला अजून वेळ आहे. तिसरी खूण असलेली टिपणे वेगळी काढा आणि त्यांतली कोणती फाइल पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत पाहता येईल याची यादी करून उन्हाळी सुट्टीत एक फेरी मारा. चॅटजीपीटीने दिलेली ती दोन पुस्तके सूचीतून आजच काढा. पण तेवढ्यावर थांबू नका. ती यंत्राने सूची नीट करतानाच घुसडली, की तुमच्या मसुद्यातल्या एखाद्या वाक्याला आधार म्हणून आधीच आली होती, हे पाहा. प्रबंधाच्या फाइलमध्ये त्या दोन लेखकांची नावे शोधा, आणि ज्या परिच्छेदांत ती सापडतील ते परिच्छेद सूचीच्या आधी दुरुस्त करायला घ्या.